आजोबांची ढांग

आत्याला सगळे मागून 'उंटीण' म्हणायचे. उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी, पण चालणं असं की दर पावलाला एक ओढा ओलांडतेय. मी भाची, म्हणून मला हसायची बंदी होती.

सगळा दोष त्या हातयंत्राचा. गळ्यात बियांची पिशवी अडकवायची, तिच्याखाली पत्र्याची चकती, बाजूला दांडा. एक पाऊल टाकलं की दांड्याचा एक फेरा, की बी दोन्ही अंगांना उडतं. आजोबा गेले तेव्हा आत्या विशीत होती आणि यंत्र तिच्या गळ्यात आलं. पहिल्याच वर्षी पीक इतकं दाट उगवलं, की अर्धं उपटून फेकावं लागलं. आजोबा ताडमाड, त्यांच्या एका पावलात हिची दीड. मग काय, या बाईने अंगणात खडूच्या रेघा मारल्या आणि ढांगा टाकायला शिकली! चाळीस वर्षं आपलं आणि लोकांचं रान पेरलं. खुबा पार कामातून गेला, तरी यंदाही निघालीच होती.

"पुरे झालं गं आत्या," मी वैतागून म्हटलं. "देऊन टाक ते धूड."

जुनी अवजारं जमवणाऱ्या संग्रहालयवाल्याला मीच बोलावलं. त्याने पायरीवर बसून तळाचा वाळलेला चिकटा खरवडला, तेल सोडलं.

"हा स्क्रू बघा. याने भोक लहानमोठं होतं. पाऊल आखूड असेल, तर दोन आटे पिळायचे."

"यात स्क्रू आहे?" आत्याने विचारलं.

"आजोबांना सांगायला काय धाड भरली होती?" मी ओरडलेच.

"त्यांना कधी लागला नसेल," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझेच पाय कमी पडतात."

त्याने स्क्रू पिळून पट्टा तिच्या गळ्यात घातला. "आता तुमच्या पावलांनी चाला, आजी."

एक पाऊल लहान पडलं. दुसरंही. तिसरी ढांग. ती मागे आली, पुन्हा निघाली. पुन्हा तेच.

"माझं पाऊल केवढं होतं, तेच आठवत नाही बघ."

मला रडू आवरेना. आत्याने पट्टा काढून त्याच्या हातात दिला.

"ने बाबा. दमले मी. तेवढा त्या स्क्रूला लाल रंग लाव."