उलटं लावलेलं लाकूड

विश्वंभर पांचाळच्या डोक्यात टीव्हीवर जायचं खूळ कोणी भरवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. आखाडा बाळापूरला माझी आरा मशीन आहे. त्याची लाकडं वीस वर्षं मीच कापून देतो. चौकट करावी तर त्यानंच. बापाच्या हाताखाली रंधा मारायला लागला आणि पस्तिशीपर्यंत अर्ध्या तालुक्याची दारं त्याच्या हातची झाली.

मग कोणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला, तो पुण्याच्या एका चॅनलवाल्यांनी पाहिला, आणि हे महाराज 'घरचा मिस्त्री' नावाच्या कार्यक्रमात दर रविवारी दिसू लागले. काम काय, तर दुसऱ्यांनी आधीच कापून ठेवलेले तुकडे जोडायचे, दोन ठोके हाणायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून 'झालं बघा' म्हणायचं. इकडे गिऱ्हाइकं विचारायची, टीव्हीवर अर्ध्या तासात होतं, मग आमच्या कपाटाला महिना काहून? त्याला चीड यायची. पण रविवार आला की 'बघून राहिला ना?' असा मला फोन ठरलेला.

चौकटीचा भाग लागणार होता तेव्हा तर त्यानं हिंगोलीपासून वसमतपर्यंतच्या झाडून सगळ्या सुतारांना फोन केले. आणि तिथंच माती खाल्ली. आमच्याकडे चौकटीच्या उभ्या लाकडाचा बुंधा खालीच ठेवतात. झाड जसं उभं होतं तसंच दारात उभं राहिलं पाहिजे, नाहीतर घर सुखानं नांदत नाही असं मानतात. त्या दिवशी एका लाकडाला देखणी गाठ होती, पण ती गुडघ्याशी येत होती. दिग्दर्शक म्हणाला, उलटं लावा, गाठ तुमच्या चेहऱ्याजवळ दिसेल.

"साहेब, असं करत न्हाईत," विश्वंभर म्हणाला.

"दादा, कोणाला कळतंय?"

आणि या शहाण्यानं उलटं लावलं. वर कॅमेऱ्यानं ती गाठ अगदी जवळून दाखवली. गाठीतला फांदीचा कल खाली गेलेला, म्हणजे लाकूड उलटं लागलेलं, जिल्ह्यातल्या प्रत्येक सुताराला दिसलं.

त्यानंतर चौकटीचं एकही काम त्याच्याकडे आलं नाही. कार्यक्रमही बंद पडला. उरली स्टुलं, देव्हारे, कोणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं. मी त्याला शिव्या घालायचो, तो खाली मान घालून रंधा मारायचा. "प्रतिक्षाच्या घराची चौकट होऊ दे," म्हणायचा, "मग बघतील."

प्रतिक्षा त्याची एकुलती एक लेक, डोंगरकड्याला दिलेली. यंदा तिचं घर बांधायला निघालं. माझ्याकडे सात वर्षं राखून ठेवलेलं सागवान त्यानं नेलं, दीड महिना खपून चौकट केली, आणि आम्ही दोघांनी ती टेम्पोतून तिच्या दारात उतरवली.

हळदीकुंकू, नारळ, सगळं मांडलं होतं. चौकट उभी करणार तोच कुरुंद्याचा कोंडीबा मिस्त्री पुढे आला. त्यानं ती आडवी ठेवायला लावली आणि चार लोकांदेखत एकेका गाठीवरून अंगठा फिरवू लागला.

"व्याही, तुमी खुर्चीवर बसा," प्रतिक्षाच्या सासूबाई मंजुळाबाई म्हणाल्या. "टीव्हीचे मानूस तुमी, तुमाला तकलीफ काहून द्यायची?" त्यांनी विश्वंभरला शाल पांघरली. पोरींनी फोटो काढले.

"बराबर हाय," कोंडीबा उठत म्हणाला. चौकट बसवणाऱ्या सुताराचा टॉवेल-टोपीचा मान त्याला मिळाला.

माझं डोकंच फिरलं. "मंजुळाबाई, तपासायला दुसरा मिस्त्री आणता?" मी म्हणालो. "बाप हाय तो तिचा."

मंजुळाबाई काही बोलायच्या आत प्रतिक्षा पुढे आली.

"काका, आत्याबाईंवर रागावू नका. मीच म्हणले, बघून घ्या." मग बापाकडे न बघता म्हणाली, "घरात लेकरू हाय, बाबा."

विश्वंभरनं शाल काढली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली. चौकट सरळ उभी राहते का बघायला ओळंबा धरणारा माणूस हवा होता. तो उठला आणि कोंडीबा सांगेल तिथं दोरी धरून उभा राहिला.