नदीपलीकडचा सूर

वायरमन एका कानाने जवळजवळ बहिरा होता, पण तसं कुणी म्हटलेलं त्याला खपत नसे. लोकच पुटपुटतात, हे त्याचं ठरलेलं उत्तर. बायको शाळेत गाणं शिकवायची. म्हणजे घरात एकीला नको तेवढं ऐकू यायचं आणि दुसऱ्याला तीन हाका मारल्याशिवाय काहीच नाही. संसार मात्र झकास चालला होता.

शाळेच्या दोन इमारती, मध्ये रुंद नदी. बाईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि पूल ओलांडून पलीकडे जाणं बंद झालं. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, म्हणाल्या, नाइलाज आहे, पलीकडचा गाण्याचा वर्ग बंद करावा लागेल. त्या रात्री बाईंनी गाण्याची वही कपाटात ठेवून दिली. वायरमनला ते बघवेना. तुझं गाणं मी पलीकडे नेतो, असं तो बोलून बसला.

नदीवरून वायर टाकणं शक्य नव्हतं, पुलावरून न्यायला परवानगी नव्हती. म्हणून दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर दोन डिश बसवून कॉम्प्युटर बिनतारी जोडायचे ठरले. जन्मभर तारा ओढल्या आणि म्हातारपणी बिनतारी, म्हणून सोबत्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली. मोठ्या बाईंनी सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी मोठ्या बाईंसमोर गाणं नीट पोचलं तर वर्ग राहील, नाहीतर नाही.

रविवारी अलीकडची डिश बसवून तो पलीकडच्या गच्चीवर चढला. बाई अलीकडे, गाण्याच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. डिश फिरवताना तिच्यातून शिट्टी वाजे. सिग्नल जितका चांगला, तितकी शिट्टी वर चढे. शिट्टी चढली, मग उतरू लागली. त्याने डिश मागे आणून चढलेल्या जागी स्क्रू आवळले.

पण बाईंचं गाणं पोचलं ते उचक्या देत. पडद्यावर त्या तोंड उघडं ठेवून गोठलेल्या. त्याने पिना पुसल्या, केबल बदलली, नदीवरच्या धुक्याला शिव्या घातल्या. शेवटी हात टेकले आणि फोन करून सांगितलं, अंतर फार आहे गं, नाही जमत.

"ती शिट्टी ऐकवा मला," बाई म्हणाल्या.

त्याने फोन डिशपाशी धरला.

"हा सूर अर्ध्यावरच अडकलाय, अजून वरचा हवा. पुढे न्या."

"पुढे नेली की उतरते."

"उतरू द्या. थांबू नका."

आता ही मला माझा धंदा शिकवणार, असं त्याच्या मनात आलं. पण बायकोचा शब्द मोडायची सवय नव्हती. स्क्रू सैल केले. शिट्टी उतरत उतरत पार विझली. आणि मग पुन्हा चढू लागली, इतकी की त्याच्या बहिऱ्या कानालाही कळलं. डिशचा खरा जोर मधोमध असतो, कडेला नुसती थोडीशी गळती, दोन्हींच्या दरम्यान काहीच नाही. तो त्या गळतीवरच समाधान मानून बसला होता. घरोघरी टीव्हीची डिश लावताना हे त्याने स्वतः किती नवख्यांना शिकवलं होतं! गच्चीवर एकटाच तो पोट धरून हसला.

सोमवारी पलीकडचा वर्ग भरला. पडद्यावर बाई, समोर मुलं, बाकावर मोठ्या बाई. गाणं असं रंगलं की मोठ्या बाईही ठेका धरून गाऊ लागल्या. वर्ग राहणार हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मागे उभ्या वायरमनचे डोळे भरून आले.

मध्येच बाईंनी हात वर करून गाणं थांबवलं.

"मागे भिंतीपाशी कोण बेसूर गातंय?"

"मी," वायरमनने पहिल्याच हाकेला ओ दिली.