मागच्या खोलीतला डबा

मामा कुठल्याही फोनवर बोलायच्या आधी त्यात फुंकर मारायचे. फू, फू. मग क्षणभर ऐकायचे आणि म्हणायचे, "जीव हाय." जुन्या काळ्या फोनच्या दिवसांत त्याला अर्थ होता. आपली फुंकर आपल्याच कानात परत आली की लाईन जिवंत आहे असं समजायचं. पण मामा मोबाइलवरही फुंकर मारत. पलीकडच्याला वाटे, हे कुठं वादळात अडकलेत.

उदगीरच्या टेलिफोन ऑफिसात ते लाईनमन आणि मी तक्रारीच्या टेबलावर. अख्खं ऑफिस त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही. लाईन दुरुस्त झाली की ते गिऱ्हाइकाच्या घरूनच मला फोन लावत आणि रिसीव्हर घरातल्या माणसाच्या हातात देत. "मी सांगून काय उपेग, ताई? ज्याचा फोन हाय त्यानं बोलावं. मग मारा काट." एकदा एका घरात आजारी म्हातारी झोपलेली आणि जागी फक्त चार वर्षांची नात. मामांनी तिच्याच कानाला रिसीव्हर लावला. ती म्हणाली, "मला शू आली." मी तक्रारीवर काट मारली.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याला काही टाकवत नाही. गावात काचेच्या तारेचं नवं इंटरनेट आलं आणि लोक फोनच्या लाईनवर चालणारे जुने मॉडेम भंगारात देऊ लागले, तेव्हा निवृत्त झालेले मामा दारोदार फिरून ते गोळा करत. "फेकू नका वो, जीव हाय त्यात." त्यांच्या कपाटात असे पाच डबे होते. "मामा, अनाथाश्रम काढलाय का?" मी विचारायची. ते हसायचे आणि मॉडेमवरची धूळ उपरण्यानं पुसायचे.

मग मामींना अर्धांगाचा झटका आला. पडल्या आणि खुबाही मोडला. लातूरच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या आणि हलवू नका. त्याचा अर्थ मामांना कळला होता, मलाही कळला.

मामी बिदरकडच्या, माहेर कानडी. इतकी वर्षं आमच्याशी ठसक्यात मराठी बोलल्या. झटक्यानं ते मराठी सगळं पुसून नेलं आणि कानडीतला एकच शब्द मागे ठेवला. "एल्ली?" म्हणजे कुठं? कुठं म्हणजे लेक कुठं, हे सांगायला नको. एकुलती एक मुलगी, आखातात नर्स. तिची रजा मंजूर होत नव्हती. रोज दुपारी अडीचला तिला थोडी सुट्टी मिळे, तेव्हा ती व्हिडिओ कॉल करी आणि मामा पुढच्या खोलीत एकटेच तिच्याशी बोलत.

एकटे, कारण मामींची खाट मागच्या खोलीत. मधली दगडी भिंत दोन हात जाड. वायफाय पुढच्या खोलीतच राही आणि मोबाइलची रेंजही मागे पोचत नसे. खाट मधल्या दारातून निघत नव्हती. मागे वायफाय पोचवायला इंटरनेट कंपनीच्या माणसानं आठ दिवसांनी येतो म्हणून सांगितलं होतं. मी सुचवलं, "लेकीचं बोलणं रेकॉर्ड करून दाखवा ना."

"दावलं, ताई. रेकॉर्ड संपलं की एल्ली म्हनती. तिला जाब पायजे. रेकॉर्ड काय जाब देतंय व्हय?"

गुरुवारी ते माझ्या दारात आले. जुना मॉडेम वायरनं पुढच्या खोलीतल्या नव्या इंटरनेटच्या डब्याला जोडायचा आणि मागच्या खोलीत ठेवायचा, म्हणजे तो तिथं वायफाय देईल, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पाचही डबे होते, पण एकाचाही अडॅप्टर धड नव्हता. माझ्या जुन्या मॉडेमचा माळ्यावर पडला होता.

"रविवारी चढते माळ्यावर," मी म्हणाले. घरी पाहुणे होते. गुरुवार ते रविवार. तेव्हा हे दिवस मी मोजले नाहीत, आता रोज मोजते.

रविवारी अडॅप्टर दिला आणि विचारलं, "जोडता येईल ना? मी येऊ?"

"आता काय! सारी हयात खांबावर गेली. एक वायर जोडायला टेबलावरल्या बाईला बोलवू का?" चेष्टेनं म्हणाले. मीही हसून दार लावलं.

बुधवारी मऊ भात घेऊन गेले, तेव्हा मामा मागच्या खोलीत जमिनीवर बसले होते. दाढी वाढलेली, हाताला पट्ट्या. मॉडेमचा एक दिवा लुकलुकत होता. भोवती वायरचे तुकडे.

"तीन दिवस झाले, ताई. करायलोय नुसतं. मोबाइलला नाव दिसतंय डब्याचं, पर आत काय येईना. वायर दोनदा बदलली. जीव हाय, दिवा बगा की!" आणि त्यांनी खरंच त्या डब्यावर फुंकर मारली.

मी वाकून पाहिलं. डब्याला मागे पाच भोकं होती. चार नेटवर्कच्या वायरची आणि एक लहान, फोनच्या लाईनचं. मामांनी नेटवर्कच्या वायरीचं टोक कापलं होतं, आठातल्या सहा तारा छाटल्या होत्या, उरलेल्या दोन तारांना फोनची पिन बसवली होती आणि ती लाईनच्या भोकात घातली होती. जोडणी इतकी सुबक की बघत राहावं. जन्मभर त्यांनी लाईन लाईनच्याच भोकात घातली होती. दुसरं भोक त्यांच्या डोळ्यांना दिसलंच नसेल.

"मामा, ह्याला आता लाईन नकोच," मी म्हणाले. "हा आता नुसता नव्या डब्याचा हात आहे."

मामांनी पक्कड घेतली आणि आठही तारांची नवी पिन बसवायला लागले. तोवर मी मोबाइलवरून डब्याची सेटिंग उघडली. दोन्ही डब्यांचा पत्ता एकच होता, तो ह्याचा बदलला. घरातल्या मोबाइलना पत्ते वाटायचं काम दोघंही करत होते, ते ह्याचं बंद केलं. वायर चारातल्या एका भोकात गेली. वीस मिनिटांचं काम. रविवारी झालं असतं. गुरुवारीही झालं असतं.

"मामी आज गप्प आहेत," मी म्हणाले.

"कालपासून न्हाई बोलली," मामा पिनकडे पाहतच म्हणाले. "सोमवारपतुर दिसभर एल्ली, एल्ली. मीच खेकसलो, वायर जोडायलोय न्हवं, जरा दम धर म्हणून."

अडीच वाजता फोन वाजला. मागच्या खोलीत, पहिल्यांदाच. पडद्यावर लेक, डोक्यावर नर्सची टोपी. मामांनी फोन मामींच्या डोळ्यांसमोर धरला. लेक "आई, आई" करत राहिली. मग कानडीत काही म्हणाली, रडली, पुन्हा "आई". मामी उघड्या डोळ्यांनी त्या दिशेला पाहत होत्या. पापणी लवत होती. पण ओठ हलले नाहीत.

"बोल गं," मामा म्हणत होते. "एक डाव बोल. एल्ली म्हन. कायबी म्हन."

कॉल संपल्यावर ते माझ्यामागे ओसरीवर आले. "तिनं एल्ली इचारलं न्हाई, ताई. मंजे तिला पोरगी दिसली असंल का? का शब्दच सरला?"

मी चपला घालायला वाकले.

"तक्रार बंद करू नका," ते म्हणाले. "गिऱ्हाईक बोललं न्हाई."

शुक्रवारी पहाटे मामी गेल्या. लेकीला विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्यानंतर मामांनी तो डबा एक दिवस बंद केला नाही. रोज दुपारी मागच्या खोलीत रिकाम्या खाटेशी बसून लेकीशी बोलत. दिवाळीनंतर एका दुपारी फोन वाजत राहिला आणि मामांनी उचलला नाही. लेकीनं मला कळवलं. मी गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते, फोन मांडीवर. डब्याचे दिवे चालू होते.

ह्या वेळी लेकीला लगेच रजा मिळाली. घराला कुलूप लावायच्या दिवशी ती मागच्या खोलीत डब्यापाशी उभी राहिली. बटणावर बोट ठेवलं, पण दाबेना.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही इथंच होतात," ती म्हणाली. "खरं सांगा. आईनं मला पाहिलं का?"

तक्रारीच्या टेबलावर तीस वर्षं काढली. गिऱ्हाईक स्वतः बोलल्याशिवाय मी एकही काट मारली नव्हती.

"पाहिलं," मी म्हणाले. "चांगलं ओळखलं तुला."

तिनं बटण दाबलं.