‘काढ’ म्हणणारा मी होतो

प्रकाशवर जो ठपका बसला, ती चूक माझी होती. त्याच्या हयातीत हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नाही. गेल्या महिन्यात तो गेल्याचा फोन आला, तेव्हा दुःखाआधी मला सुटल्यासारखं वाटलं... आता सांगणारं कुणी उरलं नाही. त्या क्षणापासून मला माझीच भीती वाटते.

प्रकाश जवळच्या कोन गावचा. पनवेलच्या आमच्या कंटेनर कंपनीत सर्व्हरवरची जागा तो सांभाळायचा. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे नवं काम आधी टेस्ट सर्व्हरवर चालवून बघायचो आणि झालं की ती जागा तशीच अडवून ठेवायचो. तो दारातूनच ओरडायचा, "लग्न लागलं, पोरं झाली, तरी मांडव हायच! काढू का?" ज्याचं असेल त्याने तोंडाने ‘काढ’ म्हटल्याशिवाय तो काहीही पुसत नसे. एकदा खऱ्या सर्व्हरवरची जागा भरली, म्हणून यार्डाच्या गेटवरच्या नोंदी मी तात्पुरत्या टेस्ट सर्व्हरवर वळवल्या. त्याला सांगायचं राहिलं. पुढे मीही विसरलो. टेस्ट सर्व्हरचा बॅकअप कुणी घेत नाही. काही आठवड्यांनी त्याने विचारलं, "शेखर, तुझा मांडव?" स्क्रीनवरून मान न उचलता मी म्हणालो, "काढ रे."

दुपारपर्यंत न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर आमच्या ट्रेलरची रांग लागली. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, कुणालाच सांगता येईना. साहेबांनी सगळ्यांसमोर प्रकाशला विचारलं, "कुणाला विचारून पुसलंस?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान स्क्रीनकडे वळवली. नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं. तो म्हणाला, "माझंच चुकलं."

त्याला सर्व्हरवरून काढून यार्डात टाकलं. भेटला की हसून विचारायचा, "काय रे, बरा हायस ना?" मला वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल... तो कधीच बोलला नाही.

परवा कोनला गेलो. त्याच्या बायकोने, वहिनींनी, चहा पुढे केला. म्हणाल्या, "शेवटपर्यंत येकच बोलायचे, शेखरला परत येकदा विचारायला पायजे होतं." उठून चपला घालाव्यात आणि निघून जावं, असं वाटलं. बसून राहिलो.

"वहिनी, त्याने विचारलं होतं. मी न बघता ‘काढ’ म्हणालो, आणि साहेबांसमोर गप्प बसलो. त्याची काही चूक नव्हती. मला माफ करा."