तोरणमाळच्या नकाशावरची एक रेघ

आमच्या मुलीनं तिसऱ्या स्थळाला भेटायला एकच अट घातली: आम्हा दोघांना तासभर मोकळं बोलू द्या, आणि बाबांना लांब ठेवा. आधीची दोन स्थळं रनाळ्याच्या घरी आली होती. पोरं बुजली, पोरगी गप्प राहिली, आणि दोन्हीकडची उत्तरं मीच दिली. माझ्या मते दोन्ही बैठका छान झाल्या होत्या.

म्हणून या वेळी दोन्ही घरं मिळून तोरणमाळला गेलो. नाक्यावर कॉलेजची काही पोरं सर्वेक्षण करत होती. आलेले लोक जंगलात नेमके कुठे फिरतात, कुठे थांबतात, ते त्यांना बघायचं होतं. जो तयार होईल त्याला ती काडेपेटीएवढं यंत्र देत. आपण जाऊ तिथली रेघ त्यात उमटते, परतताना ते जमा करायचं. विज्ञानाला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. यंत्र खिशात टाकलं आणि विसरलो.

तलावाशी पोचल्यावर मुलगा-मुलगी पायवाटेनं पुढे गेली, आम्ही मोठी माणसं भजी खात बसलो. थोड्या वेळानं, पाय मोकळे करून येतो, म्हणत मी उठलो. बायकोनं नुसतं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला लग्नापासून कळतो, आणि लग्नापासूनच मी तो मनावर घेत नाही.

ऐकायचं नव्हतं हो मला. फक्त बोलतायत ना, एवढंच बघायचं होतं. पण ती दोघं सरळ वाट सोडून चढाला लागली. त्यांनी चढावं, मी झाडाआडून चढावं. ती थांबली की मी करवंदीच्या जाळीत बसावं. शर्टाची एक बाही त्या जाळीतच राहिली.

परतताना यंत्र दिलं, तर सर्वेक्षणवाल्या मुलीनं कौतुकानं लॅपटॉपच सगळ्यांपुढे धरला. बाकी लोकांच्या रेघा जाड आणि समजूतदार: गाडीतळ, भजी, तलाव, पुन्हा भजी. माझी एकटीच रेघ डोंगरात, जागोजागी थबकलेली. इकडे तर कुणीच जात नाही काका, तुम्हाला तिथे काय आवडलं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, पक्षी.

"सांगा ना, कोनता पक्षी देखा?" बायको म्हणाली.

मुलाचे वडील चष्मा पुसून पुसून नकाशा बघत होते. स्थळ गेलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मुलीकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात मुलगाच पुढे झाला.

"काका, माफ करा. तुम्ही मागं दिसलात तेव्हा आम्ही खालीच बसणार होतो. वर चढायचं तुमच्या मुलीनं सुचवलं."

मला करवंदीकडून न्यायचं कुणाच्या डोक्यातून आलं, असं मी विचारलं. ते माझ्या, असं तो खाली मान घालून म्हणाला, आणि दोघांनाही हसू आवरेना.

घाट उतरताना मागच्या सीटवरून निकाल आला.

"बाबा, मन्हा होकार शे. तुमले देखीसन बी तो पळना नही."