घोंगडीवाल्याच्या फळ्या

संस्थानी भोरात, पेठेतच, माझ्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी काढलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना हातानं रंग द्यायचं काम माझं, मागच्या खोलीत बसून. पागोटं लाल, लुगडं हिरवं, हा आमचा ठरलेला कायदा. माणूस कितीही विटक्या कपड्यांत आला तरी फोटोत बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसायचा. या नव्याकोऱ्या लोकांचा मला अगदी वीट आला होता. पण घरच्या सुनेनं पेठेत पाऊल टाकायचं नाही, हाही कायदाच होता. खोलीला रस्त्याकडे खिडकीसुद्धा नव्हती. जीव घुसमटून जायचा.

एकदा समोरच्या घोंगडीवाल्यानं दुकानापुढं उभं राहून फोटो काढवला. शेजारी भिंतीला दुकानाच्या फळ्या टेकवलेल्या होत्या. संध्याकाळी त्या फळ्या उंबऱ्याच्या खोबणीत सरकवून तो दुकान बंद करी. फोटो रंगवायला देताना तो मामंजींना बजावत होता, ते मला आत ऐकू आलं.

"फळ्यास्नी रंग माझ्या बानं दिल्याला हाय. जसा उडालाय तसाच पायजे. नवा केला तर म्या फोटू घेनार न्हाई."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. उडालेला रंग पाहिल्याशिवाय कसा देणार? आता तरी रस्ता ओलांडू देतील!

मामंजी स्वतःच जाऊन पाहून आले. "निळा आहे."

"निळा कसा, मामंजी? लाकूड कुठं दिसतंय? खिळ्यांखाली गंज उतरलाय का?"

ते पुन्हा गेले. "निळाच. जुना."

"मीच पाहून येऊ का? डोक्यावर पदर घेऊन जाईन, उभ्या उभ्या परत येईन."

ते तडक रस्ता ओलांडून घोंगडीवाल्याकडे गेले. थोड्या वेळानं मागचं दार वाजलं. घोंगडीवाला आणि त्याचा भाऊ खांद्यावर फळ्या घेऊन उभे होते. मामंजींनी त्या माझ्या खोलीत भिंतीशी लावून घेतल्या.

मी रागारागानं रंगवायला बसले. पण मेल्या फळ्या सुंदर होत्या, त्याला काय करणार! निळ्याखाली हिरवट, त्याखाली राखाडी लाकूड, हात लागून लागून गुळगुळीत झालेली कड. फोटो पाहून घोंगडीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजी खुशीत म्हणाले, "बघ सूनबाई, बाहेर जाण्यावाचून काही अडलं का?"

पेठेत बोलबाला झाला. लोक तसेच फोटो मागू लागले. मग कुणाच्या गाडीचं झिजलेलं चाक, कुणाच्या दाराची गंजकी कडी, सगळं माझ्या खोलीत येत गेलं. मला एकदाही बाहेर पडावं लागलं नाही.