वऱ्हाड आणि बुधवारचा बीच

मी बावळट आहे ही काही नवी बातमी नाही, घरच्यांना पाठ आहे. पण हा बावळटपणा सांगलीच्या वऱ्हाडापुढे, भर उन्हात, भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी करायचा, याला अंगात काहीतरी वेगळंच लागतं हो.

झालं काय, माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंजूच्या मुलीचं लग्न इथे दुबईत ठरलं. मुलाचे वडील आप्पासाहेब. त्यांना लग्न सांगलीत हवं होतं. पोरांच्या हट्टापुढे हो म्हणाले, पण एअरपोर्टवर उतरल्यापासून चेहरा असा, की हसू कस्टममध्येच अडकलंय. मंजूचा जीव टांगणीला. म्हणाली, "ताई, बाकी काही नको, ते नाराज होऊन परत जायला नकोत. पाहुण्यांना फिरवायचं तू बघ."

बघते म्हणाले! पंधरा वर्षं डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते मी. ग्रुपवर व्हॉइस नोट्सचा सपाटा लावला. खाडी अब्रातून ओलांडा, ती लाकडी होडी, मजा येते. कडक चहा टपरीवरच घ्या, मॉलमध्ये नको. मसाल्याच्या बाजारात पहिला भाव ऐकून हसा आणि चालू लागा. माझा आवाज ऐकून मलाच वाटायला लागलं, काय बाई हुशार आहे!

आणि शेवटी माझं खास रत्न. दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनचा एक बीच पार्क. आमचा बायकांचा ग्रुप वर्षानुवर्षं दर बुधवारी तिथे जातो. शांत, स्वच्छ, कोणी बघत नाही, बिनधास्त पाण्यात शिरा. तिथे कधी एक पुरुष दिसला नव्हता. मला वाटायचं, बुधवारी दुपारी कुठून येणार? ऑफिसात असतात बिचारे.

आता तुम्ही हसताय. पण मला तेव्हा खरंच तसं वाटायचं हो.

बुधवारी बस ठरवली, पुऱ्या, भाजी, श्रीखंड भरून दिलं, यल्ला यल्ला, चला चला करत सगळ्यांना पाठवलं. आणि सोफ्यावर पाय पसरून कौतुकाच्या फोनची वाट बघत बसले. फोन आला. आप्पासाहेबांचा.

"ताई, आम्ही बाहेर आहोत."

"कुठे बाहेर?"

"बागेच्या. बायका आत गेल्या. आम्हाला सोडत नाहीत. आज लेडीज डे आहे म्हणे."

"अहो, पण आज बुधवार आहे."

"हां. बुधवारीच असतो म्हणे."

माझ्या डोळ्यांपुढे सगळे बुधवार सर्रकन फिरले. लेकीला विचारलं तर तिने मोबाइलमधून मान न काढता सांगितलं, "आई, इट्स लिटरली ऑन द गेट." गेटवर! आम्ही दर वेळी त्या पाटीखाली उभं राहून ग्रुप फोटो काढतो.

तर आता चित्र बघा. नवरदेव, त्याचे काका, मामा आणि आप्पासाहेब फुटपाथवर. बस पाहुण्यांची दुसरी खेप आणायला एअरपोर्टला गेलेली. जेवणाचे डबे बायकांच्या पिशव्यांत, म्हणजे आत. त्यांचे फोनही पिशव्यांत. बायका पाण्यात. मंजूला कळवायची माझी छाती होईना. हे लग्न माझ्यामुळे मोडलं तर?

आणि मला रुबिनाभाभी आठवल्या. रत्नागिरीच्या. आमच्या शेजारी राहायच्या, नवऱ्याच्या होड्या दुरुस्तीच्या कामासाठी उम्म अल कुवैनला गेल्या. सणाला फोन करण्यापलीकडे माझ्याकडून काही झालं नव्हतं. तरी लाज गुंडाळून फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं.

"अगो, रडतेस काय?" भाभी म्हणाल्या. "पाहुणेच ना? हे निघाले गाडी घेऊन. मी भात वाढवते."

किती माणसं, कोण, कुठली, एका शब्दाने विचारलं नाही हो.

भाभींच्या नवऱ्याने, भाईंनी, दोन खेपांत सगळ्यांना घरी नेलं. भाभींनी होतं नव्हतं ते फ्रीजमधून काढलं. बांगड्याचं कालवण, भात, तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, वर सांदणं. जेवून मंडळी तिथेच गालिच्यावर आडवी झाली. नवरदेवाने मला फोटो पाठवला: आप्पासाहेब, उशाला लोड, पोटावर हात, गाढ झोपेत. आणि झोपेत का होईना, चेहऱ्यावर चक्क हसू. तो फोटो बघून मी पुन्हा रडले.

संध्याकाळी बायका लालबुंद होऊन परत आल्या. विहीणबाई मला म्हणाल्या, काय जागा सुचवलीत, एक पुरुष नाही! मी मान डोलावली. अजून काय करणार?

लग्नात भाभी आणि भाई पहिल्या रांगेत. आप्पासाहेबांनी स्वतः हात धरून बसवलं. मी भाभींचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "पुरे गो, अक्षता टाक, मुहूर्त चाललाय." मला आजही त्यांचं ऋण कसं फेडायचं कळत नाही. फक्त आता सणाची वाट न बघता फोन करते.

पाहुणे निघाले तेव्हा सगळा धीर गोळा करून मी आप्पासाहेबांपुढे गेले. म्हटलं, "माझं चुकलं हो. पण पुन्हा नक्की या. पुढच्या वेळी मी स्वतः सगळं नीट ठरवीन."

त्यांनी बॅग उचलली, चेहरा तसाच.

"येऊ की. भाभींशी बोलणं झालंय आमचं."